अल्फामा (लिस्बन) पायी बघायचंय, आईच्या गुडघ्यांचं काय करू?

ओसरी | ३ मार्च, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आईला घेऊन लिस्बनला चाललेय. चार दिवस हातात आहेत. बाकी सगळं ठरलंय, घोडं अडलंय ते अल्फामापाशी. किल्ल्याच्या टेकडीवरून नदीकडे उतरणारी ही वस्ती शहरातली सगळ्यात जुनी. ती बघायची तर पायीच, कारण आतल्या बहुतेक गल्ल्यांत गाडी शिरतच नाही.

आई ७१ वर्षांची आहे. सपाटीवर दोन तास आरामात चालते, पण जिना दिसला की उजवा गुडघा कुरकुरायला लागतो. आणि तिला नेमकं अल्फामाच बघायचंय. "चर्चं आणि राजवाडे तू बघ, मला माणसं राहतात ती जागा दाखव" असं तिने निक्षून सांगितलंय.

तिथे हिंडून आलेल्यांनी सांगा, जमेल का हे? कुठून सुरुवात करू, किती वेळ ठेवू? की ट्राममध्ये बसून खिडकीतूनच बघून घ्यावं?

चकवा | ३ मार्च, सकाळी ९:४०

जमेल की! वरून सुरू करा आणि खाली नदीकडे उतरा. चढ लागतच नाही.

सागरगोटा | ३ मार्च, दुपारी १२:०५

आम्ही दोघं दोन वर्षांपूर्वी तीन सकाळी फक्त अल्फामात घालवल्या, म्हणून सविस्तर लिहिते.

चकवा म्हणतात तसं वरून सुरू करायचं. वर पोचायला प्रासा दा फिगैरा चौकातून ७३७ नंबरची छोटी बस किल्ल्यापर्यंत जाते. २८ नंबरच्या ट्रामच्या नादी लागू नका, बसने जा. किल्ल्यापासून थोडं खाली आलं की 'पोर्ताश दु सोल' हा सज्जा लागतो. त्यांच्या भाषेत अशा जागेला मिरादोरु म्हणतात. तिथून लाल कौलांची उतरंड थेट तेजु नदीपर्यंत दिसते, मधेच सांव मिगेल आणि सांतु इश्तेवांव या चर्चांचे पांढरे मनोरे. सज्ज्यावर संत व्हिसेंतचा पुतळा आहे, हातात होडी आणि होडीवर दोन कावळे. हे कावळे लिस्बनच्या नगरचिन्हावरही आहेत.

शेजारीच सांता लुझियाचा सज्जा, बोगनवेल आणि निळ्या फरशांचा. तिथल्या चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांची दोन मोठी चित्रं आहेत. बरेच लोक नदीचे फोटो काढतात आणि भिंतीकडे पाठ करून निघून जातात. एका चित्रात १७५५ च्या भूकंपाआधीचा नदीकाठचा राजचौक आहे, म्हणजे आज अस्तित्वातच नसलेलं शहर. दुसऱ्यात ख्रिस्ती सैन्याने मूरांच्या, म्हणजे तेव्हाच्या मुस्लिम राज्यकर्त्यांच्या, किल्ल्यावर ११४७ मध्ये केलेला हल्ला, दरवाजा बंद होऊ नये म्हणून त्यात स्वतःचं अंग घालणारा मार्तिं मोनिझ. दंतकथा असेल, पण शहरातल्या एका मोठ्या चौकाला त्याचंच नाव आहे.

पोर्ताश दु सोलच्या बाजूने पायऱ्या उतरतात, तिथून खरं अल्फामा सुरू होतं. थेट उतरलात तर पंधरा मिनिटांत तळाशी पोचाल. आम्हाला पहिल्या दिवशी अडीच तास लागले, आणि त्यातला एक मिनिटही वाया गेला असं वाटलं नाही.

हाडवैद्य | ३ मार्च, दुपारी ३:३०

थांबा थांबा. वरून खाली उतरा हा सल्ला दम लागणाऱ्या माणसासाठी चांगला आहे, गुडघेदुखीच्या माणसासाठी नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज हेच बघतो. चढताना छातीवर ताण येतो, उतरताना गुडघ्यावर. जिना उतरताना वाटीमागच्या सांध्यावर चढण्यापेक्षा जास्त भार येतो, कारण शरीराचं वजन सावरत सावरत खाली सोडायचं काम मांडीच्या स्नायूला करावं लागतं. आईंना जिना चढताना दुखतं की उतरताना, हे आधी विचारा. उतरताना दुखत असेल तर 'सगळा उतारच आहे' म्हणून खूश होऊ नका.

आत्तापासून दोन महिने आहेत. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम त्यांच्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. उतरताना दुखरा पाय आधी खाली, चढताना चांगला पाय आधी वर. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात काठी. आणि काठीच्या टोकाला रबर हवंच.

ओसरी | ३ मार्च, रात्री ८:१५

@हाडवैद्य, आईला विचारलं. उतरतानाच दुखतं! हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. मनापासून आभार.

चकवा | ३ मार्च, रात्री ८:५०

माझा सल्ला मागे घेतो. हाडवैद्यांचं बरोबर आहे.

तांबूस | ४ मार्च, सकाळी ७:२०

रबराच्या टोकाबद्दल +१. तिथली फरसबंदी म्हणजे पांढऱ्या चुनखडीचे मुठीएवढे चौकोनी तुकडे, मधेमधे काळा दगड. शेकडो पावलांनी घासून गुळगुळीत झालेले. कोरडे असताना सुंदर, ओले झाले की शेवाळलेल्या घाटासारखे निसरडे. मी रिमझिम पावसात चामडी तळाचे बूट घालून गेलो आणि सांतु इश्तेवांवच्या पायऱ्यांवर चांगलाच आपटलो. खिडकीतून एक आजोबा ओरडले, खाली आले, हात धरून उठवलं आणि माझ्या बुटांकडे बोट दाखवून मान हलवली. मऊ रबरी तळाचे बूट घ्या. पाऊस असेल त्या दिवशी आईंना नेऊच नका.

पाऊलखुणा | ४ मार्च, सकाळी १०:०२

सागरगोटा, ट्रामला एवढं का नाकारता? २८ मध्ये बसणं हा वेगळाच आनंद आहे. लाकडी बाकडी, पितळी हँडल, वळणावर घराच्या भिंतीला हात लागेल इतकी जवळ जाते.

सागरगोटा | ४ मार्च, सकाळी १०:३०

आनंद आहेच, पण ती अल्फामाच्या वरच्या कडेने जाते. आत जाऊच शकत नाही. आणि दिवसा इतकी खच्चून भरते की माझ्या नवऱ्याचं पाकीट कुठल्या थांब्यावर गेलं ते आम्हाला अजून कळलेलं नाही. बसायचंच तर सकाळी लवकर, मार्तिं मोनिझच्या पहिल्या थांब्यावरून.

कातळ | ४ मार्च, दुपारी २:१८

मी भूशास्त्रवाला, त्यामुळे भूकंपाचा विषय निघाल्यावर राहवत नाही.

१ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, लोक चर्चमध्ये. आधी भूकंप, मग त्सुनामी, मग कित्येक दिवस धुमसणारी आग. खालची बाइशा ही सपाट पेठ नदीच्या गाळावर वसलेली होती, ती जवळपास संपली. अल्फामाच्या टेकडीखाली त्या मानाने घट्ट खडक. इथेही पडझड झाली, चर्चं कोसळली, पण वस्तीचा आराखडा टिकला. बाइशा नंतर राजाचा मंत्री पोंबालच्या मार्कीने सरळ रेषांत, काटकोनात नव्याने उभी केली, भिंतींच्या आत लाकडी सांगाडे घालून, म्हणजे पुढचा धक्का झेपेल.

तुम्ही पोर्ताश दु सोलवरून खाली बघता ते वेडंवाकडं जाळं मूरांच्या काळापासून चालत आलंय. अल्फामा हे नावच अरबी, 'अल-हम्मा', गरम पाण्याचे झरे. आईंना सांगा की ही वळणं आठशे-नऊशे वर्षं जुनी आहेत. मला तर तिथल्या घरांपेक्षा त्या वळणांचंच जास्त अप्रूप वाटतं. घरं पडली, पुन्हा बांधली गेली, पण माणसांनी चालायची वाट बदलली नाही.

नकाशाप्रेमी | ४ मार्च, संध्याकाळी ६:४०

एक प्रॅक्टिकल गोष्ट. आत मोबाईलचा नकाशा दगा देतो. गल्ल्या इतक्या अरुंद की निळा ठिपका शेजारच्या गल्लीत, कधी वरच्या पायरीवर, कधी खालच्या. नकाशावर दोन गल्ल्या चिकटलेल्या दिसतात आणि प्रत्यक्षात मधे चाळीस पायऱ्या असतात. त्यापेक्षा पाटीवरचे शब्द शिकून घ्या. 'रुआ' म्हणजे रस्ता, बहुधा पुढे निघतो. 'बेकु' म्हणजे बोळ, पुढे बंद असू शकतो. 'इश्कादिन्याश' म्हणजे पायऱ्या, आईंनी टाळावं. 'कालसादा' म्हणजे तीव्र चढाची फरसबंदी वाट, तिथेही विचार करा. 'लार्गु' म्हणजे छोटा चौक, तिथे हमखास बसायला मिळतं. एवढ्या पाच शब्दांवर मी दोन दिवस नकाशाशिवाय फिरलो.

जनेलवाली | ४ मार्च, रात्री ९:११

शब्दांचा विषय निघाला म्हणून. लिस्बनमध्ये पाट्या वाचताना मला सारखं घरातलं कुणीतरी भेटल्यासारखं होत होतं. चावी म्हणजे 'शाव', साबण 'साबांव', बटाटा तर 'बताता'च, पाव 'पांव', अननस, काजू, पगार, फीत, घमेलं, पिंप, लिलाव. माझी आजी खिडकीला जनेल म्हणायची, मी हा आयडी त्यावरूनच घेतला. अल्फामात एका भाड्याच्या पाटीवर 'जनेला' वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

चकवा | ४ मार्च, रात्री ९:३०

आणि हापूस! गोवा जिंकणाऱ्या आफोन्सु द आल्बुकेर्कच्या नावावरून. त्याचा पुतळा लिस्बनच्याच बेलें भागात उंच खांबावर आहे.

पाऊलखुणा | ४ मार्च, रात्री ९:४४

धागा आंब्यावर गेला की परत येत नाही, सांगून ठेवते.

तेजूकाठ | ५ मार्च, पहाटे ४:५०

मी कामानिमित्त सहा वर्षं लिस्बनमध्ये राहतो, अल्फामाच्या अगदी पायथ्याशी. आईंचं वाक्य वाचून लिहावंसं वाटलं, 'माणसं राहतात ती जागा दाखव'. आईंना हे आधी सांगा की तिथे राहणारी माणसं कमी होत चालली आहेत.

कित्येक दशकं इथली भाडी गोठवलेली होती. म्हाताऱ्या बायका अगदी नाममात्र भाड्यात त्याच घरात जन्म काढत. घरांची डागडुजी त्यामुळे होत नसे, हेही खरं. २०१२ मध्ये भाडेकायदा बदलला, जुने करार मोडणं सोपं झालं. त्याच सुमारास पर्यटक वाढले. २०१७ मध्ये समोरच क्रूझ जहाजांचं नवं टर्मिनल सुरू झालं. घरमालकांनी घरं रंगवली आणि रात्रीच्या हिशोबाने द्यायला लागले. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये पालिकेने अल्फामा, मोरारिया आणि किल्ल्याच्या भागात अशा घरांचे नवे परवाने थांबवले, पण तोवर बरंच होऊन गेलं होतं.

दारांच्या बाजूला 'एएल' अक्षरांची छोटी पाटी दिसेल, म्हणजे पर्यटकांना भाड्याने द्यायचं घर. ती दिसली की समजायचं, इथे आज कुणीतरी आहे, उद्या दुसरं कुणीतरी असेल. मी राहतो त्या इमारतीत आठ घरं आहेत. मी आलो तेव्हा पाच घरांत कायमची माणसं होती, आता दोन. सकाळी साडेपाचला फरशीवरून चाकांच्या बॅगा खडखडत जातात त्या आवाजाने मी उठतो. आजही त्यानेच उठलोय.

म्हणून विनंती: मुक्काम बाइशात किंवा दुसरीकडे हॉटेलात करा, अल्फामात दिवसा या, हळू बोला आणि जेवा तिथेच.

पाऊलखुणा | ५ मार्च, सकाळी ९:२५

@तेजूकाठ, दुसरी बाजूही आहे. आम्ही अल्फामात अशाच घरात पाच दिवस राहिलो. खालचा किराणावाला, शेजारची जिंजिन्या (चेरीची गोड दारू) विकणारी आजी, दोघंही म्हणाले की पर्यटक आले म्हणून दुकान चालू राहिलं. पडकी घरंही त्याच पैशातून सावरली गेली ना?

तेजूकाठ | ५ मार्च, सकाळी ११:०३

सावरली, खरं आहे. दारात बसून चेरीची जिंजिन्या विकणाऱ्या त्या आज्यांना त्यातून चार पैसे मिळतात, त्याचा मला आनंदच आहे. पण ज्या शेजारणीसाठी घर सावरायला हवं होतं ती नदीपलीकडे राहायला गेली. तुम्ही पाच दिवस राहिलात यात तुमचा दोष नाही. फक्त पुढच्या वेळी विचार करा एवढंच.

तांबूस | ५ मार्च, दुपारी १:१५

वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढावेत का? सगळ्यांच्या अल्बममध्ये असतात. मी काढले होते, आता हे वाचून अवघडल्यासारखं झालं.

जनेलवाली | ५ मार्च, दुपारी १:४०

रस्त्यावरून दिसणारी दोरी आहे, त्यात काय? रंगीत चादरी, निळं आकाश. कुणाचं काय बिघडतं?

सागरगोटा | ५ मार्च, दुपारी २:०६

चादरींचं ठीक आहे. पण मी एका माणसाला कॅमेऱ्याची लेन्स उघड्या खिडकीच्या आत रोखताना पाहिलं, आत एक बाई भाजी चिरत होती. तिने काही न बोलता झडप लावून घेतली. त्या गल्लीत दुपारभर ती झडप बंदच राहिली असणार. माणूस दिसला तर आधी 'बों दिया' म्हणा, विचारा, मग फोटो. नाही म्हणाले तर नाही.

कोरडवाहू | ५ मार्च, रात्री १०:२०

पाण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. टेकडीच्या तळाशी सार्वजनिक कारंजी आहेत, शाफरीझ. एकाचं नाव 'शाफरीझ द देंत्रु', आतलं कारंजं, कारण ते १३७३ ते ७५ मध्ये बांधलेल्या तटाच्या आत पडत होतं. त्याच चौकात फादो या पोर्तुगीज गायनप्रकाराचं संग्रहालय आहे, १९९८ पासून.

दुसरं 'शाफरीझ देल-रै', राजाचं कारंजं. सोळाव्या शतकात पालिकेने तिथल्या सहा तोट्या वाटून दिल्या होत्या. काळे, मिश्रवंशीय आणि हिंदी गुलाम एका तोटीवर, गोरे पुरुष दुसऱ्या, गोऱ्या बायका आणि मुली आणखी वेगळ्या. मी तिथे उभा राहून हे वाचलं आणि पाणवठ्यांचा आपला इतिहास आठवला. आपल्याकडून नेलेली माणसंही त्या रांगेत होती. आज ते कारंजं कोरडं आहे, लोक पुढून चालत जातात. आईंना तिथे दोन मिनिटं थांबवा.

ओसरी | ६ मार्च, सकाळी ८:००

@कोरडवाहू, हे मला अजिबात माहीत नव्हतं. नक्की थांबू.

नकाशाप्रेमी | ६ मार्च, सकाळी ११:५०

मूळ प्रश्नाकडे येतो. हाडवैद्यांचं ऐकून मार्ग बदला. अल्फामा म्हणजे एकच जिना नाही, टेकडीच्या अंगाने आडव्या जाणाऱ्याही गल्ल्या आहेत. दोन भाग करा. सकाळी ७३७ ने वर जा, सज्ज्यावरून बघा, फरशांची चित्रं बघा आणि वाहनानेच खाली या. मग तळाच्या शाफरीझ द देंत्रुपासून रुआ द सांव पेद्रुने हळूहळू सांव मिगेलच्या चौकापर्यंत जा. चढ आहे, पण सौम्य. परत फिरून रुआ दुश रेमेदियुशने दुसऱ्या टोकाला. मधला जिन्यांचा भाग आईंना नदीकडून मान वर करून दिसेल. मंगळवार किंवा शनिवार असेल तर वरच्या कांपु द सांता क्लारात जुना बाजार भरतो, तिथे टॅक्सीने जाता येईल.

हाडवैद्य | ६ मार्च, दुपारी १२:३०

हा प्लॅन उत्तम. दर वीस मिनिटांनी बसायचं, दुखायची वाट बघायची नाही.

मावळतीकर | ९ मार्च, रात्री ११:०५

रात्रीचं कुणी बोललं नाही. आईंना एक संध्याकाळ फादो ऐकवा. गायक उभा राहिला की दिवे मंद होतात आणि वाढपीसुद्धा थांबतात. गाणं चालू असताना चमच्याचा आवाजही चालत नाही. बारा तारांची पोर्तुगीज गितार इतक्या जवळ वाजते की वादकाची नखं दिसतात. युनेस्कोने २०११ मध्ये फादोची दखल घेतली, पण ते आधीही असंच होतं. भाषा कळत नाही, गळा दाटून येतो. नऊच्या आत जेवून घ्या.

ओसरी | १७ मे, रात्री ९:३०

मंडळी, आलो परत! धागा वर काढतेय.

आईने दोन महिने व्यायाम केला, रोज, कंटाळा न करता. नकाशाप्रेमींचा मार्ग जसाच्या तसा पकडला. वर सांता लुझियाला आई भूकंपाआधीच्या शहराच्या चित्रासमोर बराच वेळ उभी होती. एकेक जहाज मोजलं तिने.

खाली रुआ द सांव पेद्रुने सांव मिगेलच्या चौकापर्यंत गेलो. तिथून एक बेकु वर जात होता, आणि आई म्हणाली, एवढा एक चढूया. मी नको म्हणत होते. चौदा पायऱ्या होत्या, मी मोजल्या. आई वर पोचली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. समोरच्या दारात एक बाई निळ्या टबात फडकी पिळत होत्या, आईच्याच वयाच्या. त्यांनी आईकडे पाहिलं, मग काठीकडे, हात एप्रनला पुसले आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या एक ठेंगणं लाकडी स्टूल घेऊन. ते दाराशी ठेवलं, वरून हाताने झटकलं आणि म्हणाल्या, "बांकु."

आई बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाक म्हणाल्या ना त्या?"

अर्धा तास बसली तिथे. एकमेकींची भाषा येत नव्हती. त्यांनी स्वतःचा गुडघा दाखवला, आईने स्वतःचा. त्यांनी वरच्या तीन खिडक्यांकडे बोट करून हात हलवला, म्हणजे रिकाम्या. @तेजूकाठ, त्या तिन्ही घरांच्या दारांना एएलच्या पाट्या होत्या. मी फोटो काढला नाही. आईने निघताना त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

उतरताना गुडघा दुखला, थोडा. दुखरा पाय आधी खाली, बरोबर लक्षात होतं तिच्या.

जनेलवाली | १७ मे, रात्री ९:५२

बाक! हा माझ्या यादीत राहिला होता. बांकुच तो.

तेजूकाठ | १८ मे, पहाटे ४:३०

चौकातून डावीकडे वर जाणारा बोळ का? दारात निळा टब? त्या मला रोज हाक मारतात. आईंचा निरोप देतो.

ओसरी | १८ मे, सकाळी ७:१५

हो हो, डावीकडचाच! आई म्हणतेय, पायाला लावायच्या तेलाची बाटली पोस्टाने पाठवली तर पोचेल का ते विचार.

हाडवैद्य | १८ मे, सकाळी ९:०५

पोचेल. सोबत मांडीच्या व्यायामाची चित्रं पाठवा, मी काढून देतो. चित्राला भाषा लागत नाही.

फिरस्ती | २१ मे, दुपारी ४:००

मला पुढच्या महिन्यात जायचंय, सासूबाई सोबत आहेत. ७३७ ला रांग असते का?

ओसरी | २१ मे, दुपारी ४:४०

आम्ही सकाळी साडेआठला गेलो तेव्हा नव्हती, बसायला जागा मिळाली. १२ जूनची रात्र मात्र टाळा, संत आंतोनियुच्या सणाला सगळं अल्फामा रस्त्यावर असतं, सासूबाईंना उभं राहायलाही जागा मिळणार नाही.